पोटातील धमनी आपोआप चिरली गेल्यास: निदान कसे करावे आणि उपचार कसे ठरवावेत

पन्नाशीच्या आसपासचा, सिगारेट ओढणारा किंवा रक्तदाब असलेला पुरुष अचानक सुरू झालेल्या पोटदुखीची तक्रार घेऊन येतो. तो बेंबीच्या वर हात ठेवून दाखवतो आणि वेदनेने कळवळत असतो; पण तपासायला घ्यावे तर पोट मऊ लागते. पँटोप्रॅझोल आणि डायसायक्लोमिनची इंजेक्शने दिली जातात, सोनोग्राफीत काही सापडत नाही आणि ‘गॅस झाला असेल’ असे सांगून त्याला घरी पाठवले जाते. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बहुतेकांचे दुखणे खरोखरच साधे असते. मोजक्या रुग्णांत मात्र आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीचे अस्तर कोणत्याही अपघाताशिवाय फाटलेले असते, आणि ते ओळखण्याची संधी बहुधा त्या पहिल्या तपासणीतच असते. ही मार्गदर्शिका प्रामुख्याने फॅमिली डॉक्टर, लहान रुग्णालयांतील फिजिशियन आणि सर्जन यांच्यासाठी आहे. तथापि ज्यांच्या घरातील कोणाला हे निदान सांगितले गेले आहे, अशा वाचकांनाही पुढे काय विचारावे हे यातून कळू शकेल.

नेमके काय घडते

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. सर्वांत आतल्या थराला चीर पडली की रक्त त्या चिरेतून भिंतीच्या जाडीत शिरते आणि ओल धरलेल्या भिंतीचा गिलावा फुगून खोलीत यावा, तसे सुटलेले अस्तर धमनीच्या आत झुकते. यालाच डिसेक्शन म्हणतात. रक्त वाहण्याचा मूळ मार्ग ती खरी पोकळी आणि भिंतीत नव्याने तयार झालेला मार्ग ती खोटी पोकळी. खोट्या पोकळीतले रक्त खालच्या बाजूला दुसऱ्या चिरेतून परत मूळ मार्गाला मिळाले, तर दोन्हींतून प्रवाह चालू राहतो आणि आतड्याला फारशी तोशीस लागत नाही. खोट्या पोकळीला बाहेर पडायला वाटच नसेल, तर तिच्यात रक्त साचून गोठते, ती फुगते आणि खऱ्या पोकळीला दाबते. क्वचित भिंतीचा उरलेला बाहेरचा थर ताणला जाऊन धमनीला फुगा येतो आणि त्याहून क्वचित तो फुटतो.

महाधमनीचे डिसेक्शन खाली उतरून पोटातील शाखांमध्ये शिरणे हा वेगळा आणि अधिक घातक प्रकार आहे. येथे विचार केला आहे तो महाधमनी शाबूत असताना केवळ एखाद्या शाखेत होणाऱ्या डिसेक्शनचा. अशा शाखांमध्ये सुपीरियर मेझेंटेरिक धमनीचा, म्हणजे आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीचा, क्रमांक बराच वरचा आहे. तिच्या खालोखाल जठर व यकृताकडे जाणारी सीलिअ‍ॅक आणि मूत्रपिंडाच्या धमन्या येतात. मेझेंटेरिक धमनीच्या अशा स्वतंत्र डिसेक्शनचे वर्णन बाउअर्सफेल्ड यांनी १९४७ मध्ये केले. चीर बहुधा धमनीच्या उगमापासून सुमारे दीड ते तीन सेंटिमीटर अंतरावर, पुढच्या फुगीर बाजूला आढळते. याचे कारण रचनेत आहे: धमनीचा स्वादुपिंडामागचा भाग जखडलेला असतो, तेथून बाहेर पडल्यावर ती आतड्याच्या पडद्यात मोकळी हलू लागते, आणि नेमक्या या सांध्यावर वळण घेताना रक्ताचा मारा भिंतीच्या त्याच भागावर सतत होत राहतो.

प्रसिद्ध झालेल्या रुग्णमालिका मुख्यतः चीन, कोरिया आणि जपान येथील असून त्यांत पुरुषांचे प्रमाण कितीतरी जास्त आहे. भारतातून एकेकट्या रुग्णांच्या नोंदी येतात. आपल्याकडे हा आजार फार कमी आहे असा अर्थ त्यातून काढण्यापेक्षा, पोटदुखीच्या रुग्णाचा योग्य पद्धतीचा स्कॅन आपल्याकडे कमी होतो, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

संशय केव्हा घ्यावा

पहिला प्रश्न वेळेचा असावा. पित्ताचे किंवा अपचनाचे दुखणे हळूहळू चढते. धमनी फाटल्याचे दुखणे एकाएकी सुरू होते आणि त्या क्षणी आपण काय करत होतो हे रुग्ण बहुधा अचूक सांगू शकतो. दुखणे बेंबीच्या वर किंवा भोवती असते, काहींना ते पाठीत जाते, मळमळ, उलटी किंवा एखाददुसरा जुलाब होतो, आणि जेवल्यावर वेदना वाढते, कारण पचनासाठी आतड्याला लागणारे जादा रक्त अरुंद झालेली धमनी पुरवू शकत नाही. सर्वांत बोलकी खूण म्हणजे वेदना आणि तपासणी यांतील तफावत: रुग्ण तळमळत असतो आणि पोट मऊ असते. पोट कडक होणे, दाबलेला हात एकदम सोडल्यावर कळ येणे, ताप येणे, शौचावाटे रक्त पडणे या उशिराच्या खुणा आहेत; त्यांची वाट पाहणे म्हणजे आतडे मरण्याची वाट पाहणे होय.

त्याच वेळी इतर घातक कारणे तपासून बाजूला ठेवावी लागतात. प्रत्येक रुग्णाचा ईसीजी काढावा आणि शंका असल्यास ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणारे प्रथिन) पाहावे, कारण हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका पोटदुखी म्हणूनच समोर येऊ शकतो. दोन्ही हातांतील रक्तदाब मोजून महाधमनीच्या डिसेक्शनचा विचार करावा. नाडी अनियमित असेल तर हृदयातून निघालेली गुठळी धमनीत अडकली असण्याची शक्यता आधी धरावी, कारण तिचे उपचार वेगळे आणि अधिक तातडीचे असतात. स्वादुपिंडाच्या दाहासाठी लायपेज, अल्सर फुटल्याच्या शंकेसाठी उभ्याने छातीचा एक्स-रे, हे नेहमीचेच.

मूत्रपिंडाच्या धमनीचे डिसेक्शन मुतखड्याच्या वेशात येते. कुशीत कळ, उलटी, लघवीत सूक्ष्म रक्त हे सारे तेच. त्यामुळे मुतखड्यासाठीचा, कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या स्कॅनवर उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून दिले जाणारे द्रव्य) नसलेला सीटी स्कॅन होतो, त्यात खडा दिसत नाही, आणि ‘खडा पडून गेला असावा’ या समजुतीवर प्रकरण संपते. कुशीतल्या दुखण्याबरोबर रक्तदाब नव्याने आणि बराच वाढलेला असेल, रक्तातील एलडीएच (पेशी मेल्यावर वाढणारे एन्झाइम) खूप वर गेलेले असेल आणि खडा सापडत नसेल, तर मूत्रपिंडाचा एखादा तुकडा रक्ताविना मेला आहे का, हे पाहण्यासाठी कॉन्ट्रास्ट देऊन स्कॅन केलाच पाहिजे.

रक्ताच्या कोणत्याही चाचणीने डिसेक्शन सिद्ध होत नाही. पांढऱ्या पेशी आणि डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात येणारा घटक) वाढलेले असू शकतात, पण ते इतर अनेक आजारांतही वाढतात. लॅक्टेटबद्दल, म्हणजे ऊतींना प्राणवायू कमी पडल्यावर रक्तात वाढणाऱ्या घटकाबद्दल, विशेष सावध राहावे. ते वाढलेले असेल तर धोका मोठा आहे हे खरे, परंतु ते सामान्य आहे म्हणून आतडे सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. सुरुवातीच्या तासांत आतड्यातून आलेले लॅक्टेट यकृत साफ करत असते.

स्कॅन कसा मागवावा

निदानाचे साधन एकच आहे, ते म्हणजे सीटी अँजिओग्राफी, अर्थात धमन्यांत कॉन्ट्रास्ट भरलेला असताना काढलेला सीटी स्कॅन. सोनोग्राफी करण्यात गैर काही नाही, आणि कसबी हातात डॉपलरने (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने) धमनीतील हलणारा पडदा दिसूही शकतो. पण दुखणाऱ्या, वायूने फुगलेल्या पोटात ती धमनी नीट दिसेलच याची खात्री नसते. म्हणून सोनोग्राफी स्वच्छ आली तरी संशय मिटवू नये.

चिठ्ठीवर केवळ ‘सीटी पोट, कॉन्ट्रास्टसह’ असे लिहिले की बहुतेक केंद्रांवर कॉन्ट्रास्ट दिल्यानंतर सुमारे ७० सेकंदांनी, म्हणजे शिरांच्या टप्प्यात, एकदाच प्रतिमा घेतल्या जातात. यकृत किंवा अपेंडिक्स पाहण्यासाठी तो टप्पा उत्तम असला तरी धमनीतील बारीक पडदा त्यात हुकू शकतो. म्हणून मागणीपत्रावर धमनीचा टप्पा आणि शिरांचा टप्पा असे दोन्ही स्पष्ट मागावेत, एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप मागावेत, आणि ‘अचानक तीव्र पोटदुखी, मेझेंटेरिक धमनीचे डिसेक्शन किंवा अडथळा आहे का’ हा प्रश्न शब्दांत लिहावा. प्रश्न विचारला गेला की रेडिओलॉजिस्ट त्या धमनीकडे मुद्दाम पाहतो. स्कॅनपूर्वी तोंडाने पांढरा कॉन्ट्रास्ट पाजू नये. त्यात वेळ जातो आणि आतड्याच्या भिंतीत रक्त पोहोचते आहे की नाही हे झाकले जाते. छातीत किंवा पाठीत फाटल्यासारखे दुखत असेल तर स्कॅन छातीपासून सुरू करावा.

क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडाच्या कामाच्या चाचणीच्या) अहवालासाठी स्कॅन अडवून धरण्याची पद्धत या प्रसंगी सोडून द्यावी लागते. मूत्रपिंडावर थोडा ताण येण्याचा धोका आणि आतडे गमावण्याचा धोका यांची बरोबरी होत नाही. सलाईन सुरू करावे, रुग्ण मधुमेही असल्यास मेटफॉर्मिन थांबवावे, पूर्वी कॉन्ट्रास्टची गंभीर अ‍ॅलर्जी झाली आहे का हे विचारावे आणि स्कॅन करावा.

कॉन्ट्रास्ट नसलेला स्कॅन आधीच झालेला असेल तर तोही पुन्हा उघडून पाहण्याजोगा असतो. मेझेंटेरिक धमनीभोवतीची चरबी, जी काळी आणि स्वच्छ दिसायला हवी, ती धुरकट दिसणे, किंवा धमनीच्या भिंतीत चंद्रकोरीच्या आकाराची पांढरट छटा असणे, ही ताज्या गोठलेल्या रक्ताची खूण असू शकते.

प्रतिमा वाचताना

बहुतेकांची नजर आधी फाटलेल्या धमनीकडे जाते. माझ्या मते आधी आतडे पाहावे. आतड्याच्या भिंतीत कॉन्ट्रास्ट न पोहोचणे, भिंतीत किंवा यकृताच्या पोर्टल शिरेत हवा दिसणे, पोटात मोकळे पाणी किंवा मोकळी हवा असणे यांपैकी काहीही दिसले तर पुढची सर्व चर्चा थांबवून सर्जनला बोलवावे. आतडे ठीक असल्याची खात्री झाल्यावर मग धमनीकडे वळावे, आणि तीही बाजूने घेतलेल्या, म्हणजे सॅजिटल प्रतिमांत पाहावी. तेथे तिची कमान एका नजरेत दिसते. चीर उगमापासून किती अंतरावर आहे, खोटी पोकळी कोठवर गेली आहे, तिच्यात प्रवाह आहे की गुठळी, खरी पोकळी किती उरली आहे, कोणत्या शाखा खोट्या पोकळीतून निघतात आणि धमनीचा सर्वांत मोठा व्यास किती आहे, हे सहा मुद्दे अहवालात असायलाच हवेत.

वर्गीकरणे अनेक आहेत. त्यांपैकी २००९ मध्ये कोरियातून आलेले युन यांचे वर्गीकरण लक्षात ठेवायला सोपे आहे. दोन्ही पोकळ्या वाहत्या असून आत शिरण्याची व बाहेर पडण्याची चीर दिसते तो पहिला प्रकार; खरी पोकळी वाहती पण खोट्या पोकळीला बाहेर पडण्याची वाट नाही तो दुसरा, आणि त्यातही खोट्या पोकळीत प्रवाह दिसतो की ती गुठळीने भरली आहे यावरून दोन उपप्रकार; धमनी पूर्ण बंद झाली आहे तो तिसरा. प्रकार लिहून ठेवावा, पण केवळ त्यावरून उपचार ठरवू नयेत. स्कॅनवर भीतिदायक दिसणाऱ्या धमनीचा रुग्ण दोन दिवसांत जेवू लागतो, कारण सीलिअ‍ॅक आणि इन्फीरियर मेझेंटेरिक धमन्यांकडून आडवाटेने रक्त येत असते. उलट, किरकोळ दिसणाऱ्या डिसेक्शनचा रुग्ण दुखणे थांबत नाही म्हणून अखेर कॅथलॅबमध्ये जातो. निर्णय रुग्णाचे पोट देते. स्कॅन त्याचा खुलासा करतो.

पहिले दोन दिवस

आतडे मेल्याची आणि धमनी फुटल्याची चिन्हे नसतील तर उपचार औषधांचे असतात आणि बहुतेक रुग्णांना तेवढे पुरते. मात्र हे उपचार जेथे व्हॅस्क्युलर सर्जन किंवा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आणि पोटाची शस्त्रक्रिया करू शकणारे पथक एका छताखाली आहे, तेथे व्हावेत. तालुक्याच्या ठिकाणी निदान झाले असेल तर सलाईन आणि वेदनाशामक सुरू करून, रक्तदाब आटोक्यात आणून, मूळ प्रतिमांच्या सीडीसह रुग्णाला पुढे पाठवावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची सोय यासाठी वापरता येते.

रुग्णाला तोंडाने काही देऊ नये आणि शिरेतून द्रव द्यावेत. वेदना पुरेशी कमी करावी. मॉर्फिन किंवा फेंटानिल दिल्याने निदान झाकले जाते ही जुनी भीती निराधार आहे. उलट वेदनेने चढलेला रक्तदाब चीर वाढवू शकतो. डायक्लोफिनॅकसारखी औषधे मात्र टाळावीत, कारण कॉन्ट्रास्ट दिलेल्या आणि पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडांना ती मानवत नाहीत. रक्तदाब वाढलेला असल्यास लॅबेटेलॉल किंवा एस्मोलॉल शिरेतून देऊन वरचा आकडा साधारण १२० ते १३०च्या आसपास आणावा. त्याहून खाली ओढण्याचा मोह आवरावा, कारण अरुंद झालेल्या धमनीतून आतड्यापर्यंत रक्त ढकलायला दाब लागतोच. दमा किंवा मंद नाडी असलेल्यांना बीटा ब्लॉकर देताना नेहमीची सावधगिरी हवी.

या काळातील सर्वांत मोलाचे काम यंत्राचे नाही. एकाच अनुभवी डॉक्टरने दर काही तासांनी पोट स्वतःच्या हाताने तपासणे, आधीच्या तपासणीशी ताडून पाहणे आणि ते केसपेपरवर वेळेसह लिहिणे, एवढ्यानेच बिघाड वेळेवर कळतो. वेदनाशामकाची मात्रा वाढवावी लागत आहे का, नाडी चढत आहे का, पोट ताठ होत आहे का, लॅक्टेट आधीच्यापेक्षा वाढले आहे का, हे प्रश्न प्रत्येक फेरीत विचारावेत. ड्यूटी बदलताना ‘पेशंट स्टेबल’ एवढाच निरोप देऊन चालत नाही.

दुखणे पूर्ण थांबल्यावर घोट घोट पाणी, मग पेज किंवा ताकासारखे पातळ पदार्थ, मग थोडा मऊ भात, या क्रमाने खाणे सुरू करावे. खाल्ल्यावर दुखणे परतले तर एक पायरी मागे यावे. दोनदा परतले तर पुन्हा सीटी अँजिओग्राफी करावी.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा प्रश्न

हेपॅरिन द्यावे की नाही, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. खऱ्या पोकळीत गुठळी होऊ नये म्हणून ते द्यावे, असे एका बाजूचे म्हणणे. खोट्या पोकळीतील गुठळी हा भिंत पुन्हा जुळण्याचाच एक टप्पा असल्याने तीत व्यत्यय कशाला आणावा, असे दुसऱ्या बाजूचे. आजवरचे बहुतेक अभ्यास जुन्या नोंदी चाळून केलेले आहेत आणि हेपॅरिन दिलेल्या व न दिलेल्या रुग्णांच्या परिणामांत त्यांना ठोस फरक दिसलेला नाही. त्यामुळे प्रत्येकाला सरसकट हेपॅरिन देण्याला आधार नाही. खरी पोकळी फार अरुंद झाली असेल, तिच्यात गुठळी दिसत असेल किंवा मूत्रपिंडाचा अथवा प्लीहेचा तुकडा मेला असेल, तर ते देण्यात अर्थ आहे. धमनीला मोठा फुगा असेल किंवा भिंतीबाहेर रक्त झिरपल्याची शंका असेल, तर देऊ नये. बऱ्याच ठिकाणी कमी मात्रेतील अ‍ॅस्पिरिन काही महिने दिले जाते. ते वाजवी आहे, पण अनिवार्य नाही.

स्टेंट आणि शस्त्रक्रिया

आतडे मेल्याची किंवा धमनी फुटल्याची चिन्हे असतील तर ऑपरेशन, हा निर्णय सोपा असतो. पोट उघडून मेलेले आतडे काढणे, रक्तपुरवठा पूर्ववत करणे आणि आतड्याचा शंकास्पद भाग २४ ते ४८ तासांनी पुन्हा पाहणे, असा तो क्रम आहे. कठीण निर्णय मधल्या रुग्णांचा असतो: आतडे जिवंत आहे, पण दुखणे हटत नाही. नीट औषधोपचार करूनही काही दिवसांत दुखणे कमी झाले नाही, जेवणानंतर ते दर वेळी परतू लागले, किंवा दुसऱ्या स्कॅनमध्ये खरी पोकळी आणखी आक्रसलेली अथवा फुगा वाढलेला दिसला, तर स्टेंटचा विचार करावा. मांडीतून किंवा हातातून तार नेऊन, चीर झाकली जाईल असा स्वतः उघडणारा धातूचा स्टेंट खऱ्या पोकळीत बसवला जातो. तार चुकून खोट्या पोकळीत शिरणे आणि छोट्या आतड्याच्या शाखांची तोंडे दाबली जाणे हे त्यातील दोन खरे धोके आहेत. स्टेंटनंतर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल काही महिने घ्यावे लागते.

केवळ स्कॅन वाईट दिसतो म्हणून, दुखणे नसलेल्या आणि जेवत असलेल्या रुग्णाला स्टेंट घालण्याचे समर्थन करता येत नाही. डिसेक्शनमुळे आलेल्या मेझेंटेरिक धमनीच्या फुग्याबाबतही अमेरिकेतील सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर सर्जरीच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचना, दुखणे अनावर नसेल तर लक्षपूर्वक देखरेखीकडे झुकतात. नातेवाइकांनी ‘स्टेंट का घालत नाही’ असे विचारण्यापेक्षा ‘स्टेंट घालण्याची वेळ आली हे कशावरून ठरवाल’ असे विचारणे अधिक उपयोगी ठरते.

मुळात भिंतच दुबळी असेल तर

रुग्ण चाळिशीच्या आतला असेल, एकाहून अधिक धमन्यांत चिरा किंवा फुगे असतील, किंवा कुटुंबात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर नुसत्या रक्तदाबावर खापर फोडून थांबू नये. त्वचा पातळ व शिरा दिसणारी असणे, सहज काळेनिळे डाग पडणे, पूर्वी आतडे किंवा गर्भाशय फाटल्याचा इतिहास असणे यावरून व्हॅस्क्युलर एहलर्स-डॅनलॉस या रक्तवाहिन्यांची भिंत दुबळी करणाऱ्या आनुवंशिक विकाराची शंका घ्यावी. अशा रुग्णाच्या धमन्या इतक्या नाजूक असतात की कॅथेटर घालूनच नवी चीर पडू शकते. म्हणून नाइलाज असल्याखेरीज तार घालू नये आणि जनुकीय तपासणी करून घ्यावी. मूत्रपिंडाच्या धमनीचे डिसेक्शन झालेल्या स्त्रीमध्ये फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया (धमनीच्या भिंतीतील पेशींची असामान्य वाढ) शोधावा आणि त्यासाठी मेंदूपासून ओटीपोटापर्यंतच्या धमन्या एकदा पाहून घ्याव्यात. दाह दाखवणारे ईएसआर व सीआरपी वाढलेले, ताप आणि वजन घटलेले असेल तर धमनीदाहाचा विचार येतो. तसे काही नसता अनेक धमन्यांत फुगे व चिरा असतील तर सेगमेंटल आर्टेरियल मीडिओलिसिसचा (धमनीच्या मधल्या थराच्या झिजेचा) विचार करावा. त्यात दाह हे मूळ कारण नसते, त्यामुळे घाईने स्टेरॉइड सुरू करू नये.

घरी गेल्यानंतर

रुग्णालयातून सोडण्यापूर्वी किंवा साधारण आठवड्याने एक स्कॅन, मग एका महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने, व त्यानंतर स्थिर असल्यास वर्षाला एकदा, असा क्रम बऱ्याच ठिकाणी पाळला जातो. अनेक रुग्णांत खोटी पोकळी या काळात आक्रसते आणि धमनी बऱ्याच अंशी मूळ आकारावर येते. घरी रक्तदाब मोजून वहीत लिहावा, सिगारेट पूर्ण बंद करावी, जड वजन उचलणे पहिले काही महिने टाळावे, आणि दुखणे पुन्हा अचानक उठले तर घरगुती उपाय न करता थेट त्याच रुग्णालयात जावे. तरुण, दुखणे नसलेल्या रुग्णात काही वेळचा स्कॅन डॉपलरवर भागवून किरणोत्सर्ग टाळता येतो, पण आधी सीटी आणि डॉपलर यांची मापे एकदा जुळवून पाहायला हवीत.

छापील फिल्म आणि दोन ओळींचा अहवाल यांवर पुढची तुलना होऊ शकत नाही. प्रत्येक स्कॅनची मूळ सीडी किंवा पेन ड्राइव्ह रुग्णाकडे असावा, आणि नवा स्कॅन वाचणाऱ्याने धमनीचा व्यास जुन्या प्रतिमेत जेथे मोजला होता त्याच पातळीवर, त्याच सॅजिटल कापात पुन्हा मोजावा. अन्यथा दोन मिलिमीटरची खोटी वाढ पाहून निरोगी झालेल्या माणसाला पुन्हा दाखल केले जाते.